कोहळ्याची काळी बंडी

९ नोव्हेंबर, दुपार

कोहळा झोपलाय. नाकाखाली बोट धरून बघितलं. श्वास आहे.

तीन महिन्यांचा झाला. गुटगुटीत आहे म्हणून घरात सगळे कोहळाच म्हणतात. पण मला भीती वाटते. शिंकला की भीती, गप्प राहिला की जास्तच. नवरा, लिनपो, ट्रक घेऊन बाहेर. फोनवर म्हणतो, "अगं पोर आहे ते, बॉम्ब नाही."

सकाळी नदीकाठच्या बागेत गेले. तिथं मिआओ काकू बायकांना छिगोंगचे श्वासाचे व्यायाम शिकवतात. मला बघून म्हणाल्या, "डोळे बघ तुझे, सशासारखे! भीती किडनीत राहते, पोरी. किडनी म्हणजे पाणी. पाणी म्हणजे हिवाळा, काळा रंग, उत्तर दिशा. उत्तरेला तोंड कर नि छुईऽऽ करून फुंकून टाक."

मी विचारलं, ही भीती दुधातून जाते का? म्हणाल्या, "न जायला काय झालं?"

मेले मी. म्हणजे पोराला मीच भीती पाजतेय.

ठरलं. उद्यापासून रोज छुई.

१० नोव्हेंबर

उठायला उशीर. उद्या नक्की.

११ नोव्हेंबर

केलं! आमच्या घरात उत्तरेची खिडकी फक्त स्वयंपाकघरात. सिंकसमोर उभी राहिले नि फुंकलं. सासूबाई आत आल्या. म्हणाल्या, "चूल पेटवतेस काय गं? गॅस आहे आपल्याकडे." म्हटलं, चहा गार करतेय, आई. समोर चहा नव्हता.

आजपासून काळंच खायचं. काळे तीळ, काळं सोयाबीन. लाल बंद. लाल म्हणजे आग. आगीनं पाणी आटतं.

१२ नोव्हेंबर

लाल तिखट तेल घातलेले नूडल्स खाल्ले. वाडगाभर. गल्लीतल्या दुकानात उभ्याउभ्या, कुणी बघू नये म्हणून. काय करू, तिळाची पेज गिळवत नाही. घरी येऊन कोहळ्याला पाजलं आणि रडले. आता त्याच्या पोटात भीतीपण गेली, आगपण गेली.

१३ नोव्हेंबर

चांगली आयडिया सुचली. औषध आईला लागू पडतं तर पोराला का नाही? बाजारातून त्याच्यासाठी काळी बंडी आणली. जाडजूड, कापूस भरलेली. किडनीला काळा रंग, आणि ऊबपण. सासूबाई म्हणाल्या, "लेकराला काळं? कोळशाच्या पोत्यात भरलंस की!" त्यांना यातलं कळत नाही.

१५ नोव्हेंबर

आज अख्ख्या बिल्डिंगचं हीटिंग सुरू झालं. भिंतीलगतच्या गरम पाण्याच्या नळ्या एवढ्या तापल्या की मी बाह्या वर करून काम केलं. कोहळा दिवसभर किंचाळला. बागेत काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, "भीती बाहेर पडताना ओरडतेच."

म्हणजे गुण येतोय!

सासूबाई मागे लागल्यात. "नळ्या तापल्यात गं, बंडी काढ त्याची." दोनदा सांगून झालं. तिसऱ्यांदा ओरडल्या. राग लिव्हरमध्ये असतो. लिव्हर म्हणजे झाड, हिरवा रंग. तेव्हा त्या नाही बोलत, त्यांचं लिव्हर बोलतं. मी मनावर घेतलं नाही. जेवताना त्यांना पालक जास्त वाढला, आता रोज वाढणार.

१७ नोव्हेंबर

कोहळ्याच्या मानेवर लाल पुरळ. आधी घाबरले. मग विचार केला. लाल म्हणजे हृदय, हृदय म्हणजे आनंद. आतून खूश झालं असेल पोर.

रडतोय मात्र फार. बंडीच्या आत आणखी एक स्वेटर घातला.

छुई आज राहिलं. कालपण राहिलं.

१८ नोव्हेंबर, संध्याकाळ

लिहवत नाही. पण लिहिते.

सकाळी कोहळ्याचं अंग तापलं. दूध ओढेना. रडणंपण बंद झालं, नुसता पडून राहिला. उत्तर कुठं नि दक्षिण कुठं, मला काही सुचेना. सासूबाईंनीच त्याला उचललं आणि दवाखान्यात पळाल्या. मी मागे, घरातल्या चपलेवर.

डॉक्टरीणबाईंनी बंडी काढली. स्वेटर काढला. त्याखालचं काढलं. म्हणाल्या, "घरात हीटिंग चालू ना? मग बाओझीच्या पावासारखं वाफवायला ठेवलंय का याला? पुरळ घामाचं आहे. थोडा आणखी उशीर झाला असता तर?" मग बंडी उचलून विचारलं, "हे सगळं घातलं कुणी?"

माझं तोंड उघडलं.

सासूबाई म्हणाल्या, "मी घातलं. म्हातारपणी आम्हालाच थंडी वाजते, बाई, मग वाटतं पोरालापण वाजते."

डॉक्टरीणबाई त्यांना खूप बोलल्या. त्या मान खाली घालून हो हो करत होत्या. मी शेजारी उभी. स्वेटरची घडी घालत.

कपडे काढल्यावर कोहळ्याचं अंग थोड्या वेळात निवलं. दूध प्याला. मग सासूबाईंकडे बघून हसला. माझ्याकडे नाही.

१९ नोव्हेंबर

बागेत गेले. काकूंना विचारलं, लाज कुठल्या अवयवात असते? बोटं मोजत बसल्या. राग, आनंद, चिंता, दुःख, भीती. "लाज नाही गं यात. चिंतेत धर." मी घरी आले.

उद्या सासूबाईंना सांगणार. आई, तुमचं ऐकायला हवं होतं. आई, डॉक्टरांसमोर मी बोलायला हवं होतं. पाठ करून ठेवलंय.

२० नोव्हेंबर

स्वयंपाकघरात गेले. त्या शिवत बसल्या होत्या. कोहळा शेजारी नुसत्या झबल्यात, पाय झाडत. मी म्हटलं, आई. पुढचं सगळं विसरले.

त्यांनी दोरा दातानं तोडला. बंडी उसवून तिचा रुंद पट्टा केला होता, नाड्या लावून. माझ्याकडे टाकला.

"कमरेला बांध. रोज त्या खिडकीत फुंकत उभी राहतेस. फट आहे तिला, वारा येतो. किडनी गारठेल."

बांधला.

मी रडायला लागले तर म्हणाल्या, "आता रडतेस कशाला? पालक निवड. तूच निवड, मला आता हिरवं बघवत नाही."