केळवदच्या अलीकडे

दि. १२ जानेवारी २०२५

चि. वंदना हिले किसनरावचा आशीर्वाद.

लग्नाच्या बाईच्या नावाआधी सौ. लिहायची हाताले सवय. लिहून गेलो, मंग खोडलं, म्हणून हा दुसरा कागद घेतला. तुहं नाव मी आज पहिल्यांदाच घेऊन राह्यलो. आठ वर्षं तू या घरात होती. मी भासरा, गजेंद्रचा थोरला भाऊ, तू पदर घेऊन बाजूले होणार, काही सांगायचं झालं तर लेकीच्या, ओवीच्या तोंडून सांगणार. फोन केला असता, पण तू उचलला तरी मले बोलता आलं नसतं.

इकडं तूर सोंगून झाली. गाय व्याली, कालवड झाली. मायचे गुडघे दुखतात, पण दिवसभर कुरकुर चालू हाये, म्हणजे बरी हाये. ओवी तिथल्या शाळेत रमली काय? तिची सायकल इथंच हाये. मी हवा भरून ठेवतो.

शुक्रवारी चिखलीच्या बाजार समितीत एक ट्रकवाला भेटला, मलकापूरचा, प्रेमानंद नावाचा. चहा पिताना त्याच्या गळ्यावर, कंठाच्या गोटीखाली, नखाएवढा वण दिसला. विचारलं, तर म्हणे, "घशात सुपारी अडकली होती. काळानिळा पडलो. डॉक्टरनं इथं ब्लेडनं भोक पाडलं अन् नळी टाकली. चार दिवसांनी काढली." वरून भाड्याचा घोळ सांगत बसला, आवाज खणखणीत. माह्या हातातला चहा तसाच राह्यला.

तुले ठाऊक हाये मी काय आठवून राह्यलो. सोयाबीन काढणीच्या दिवशी गजेंद्रनं तांब्या तोंडाले लावला, अन् पाण्यात गांधीलमाशी होती, ती घशात डसली. चिखलीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत घसा सुजून बंद. इंजेक्शनं झाली. तोंडातून नळी जाईना. तो तरणा डॉक्टर म्हणला, "गळ्यातून श्वासाले वाट करून देतो. दोन मिनिटांचं काम हाये, हो म्हणा." मी म्हणलं, गळा कापून माणूस वाचते काय? बुलढाण्याले नेतो. तवा तू डोक्यावरचा पदर पडला तरी न सावरता, माह्यासमोर पहिल्यांदा मोठ्यानं बोलली. "करा डॉक्टर. मी बायको हाये, मी सही करतो."

वंदना, त्या घडीले मले माहा भाऊ दिसला नाही. भासऱ्याच्या शब्दावर भावसून बोलली, एवढंच दिसलं. डॉक्टरनं ब्लेड उचललं होतं. मी त्याचा हात धरला. दाराबाहेर आपल्या गावचे दहा माणसं उभे, अन् तो एकटा. त्यानं ब्लेड खाली ठेवलं. आपण गजेंद्रले गाडीत घातलं, अन् बुलढाण्याच्या वाटेवर, केळवदच्या अलीकडे तो गेला, तुह्या मांडीवर.

दहाव्याले लोकांनी विचारलं, डॉक्टरनं काही केलं कसं नाही? माह्या तोंडून निघालं, "बाईमाणूस घाबरलं, गळा कापू देईना." तू आतल्या खोलीत होती. तू ऐकलं. तू बाहेर येऊन मले खोटं पाडशील म्हणून मी वाट पाहून राह्यलो होतो. तू आली नाही. एकदा बोलून काय झालं, ते तू पाह्यलंच होतं. मंग गावानं तेच धरलं, तुह्या बापाच्या कानावरही गेलं, अन् तू ओवीले घेऊन माहेरी, डोणगावले गेली. मी चुपचाप जाऊ देलं.

काल मायले खरं सांगतलं. ती म्हणली, "माहा पोरगा घालवला, अन् दोष तिच्या पदरात टाकला?" तवापासून माह्या हातचं पाणीही घेत नाही. तिचं चुकत नाही. आज सकाळी पारावर जाऊन गावासमोरही सांगून टाकलं. कोणी शिवी देली नाही. एकेक जण उठून गेला.

येत्या रविवारी पहिल्या एसटीनं डोणगावले येतो. तुह्या बापासमोर, भावांसमोर हेच सांगणार हाये. माफी मागत नाही, मागायले तोंड नाही. घरात नाही घेतलं तर ओट्यावर बसून राहीन. तू मात्र पदर ओढून आत जाऊ नको. चार महिने जे गिळलं, ते माह्याकडं पाहून बोल. किती वेळ लागला तरी मी मधात बोलणार नाही.

तुहा नवरा ज्याच्या हातानं गेला, तो
किसन