दाजींच्या गाडीचा टर्बो कशानं गेला

दिंद्रुड

तीर्थस्वरूप दाजींस,

बंकटचा वाकून नमस्कार. इकडं सगळे खुशाल, एक गाडी सोडून. तुमचा गुडघा कसा आहे? ताई गोळ्या वेळेवर घेते का? (हे फोनवर विचारता आलं असतं. पण आषाढात मीच तुमचा फोन कापला, आणि तेव्हापासून ताई ना पंचमीला आली, ना तिचा आवाज आला. पत्राचं बरं असतं, ते मधेच कापता येत नाही.)

कपिलधारच्या चढावर काय झालं ते तुम्हाला अर्धंच माहीत आहे. शेजारी सौ. रतन बसलेली, आणि तुमच्याकडून घेतलेली ही बारा वर्षांची टर्बो गाडी दुसऱ्या गिअरमध्येही दम टाकायला लागली. मागं निळा धूर, पुढं शिट्टी. एक पिकअप आम्हाला टाकून पुढं गेली, तिच्यातल्या शेळ्या मान वळवून बघत होत्या. मग पायी चाललेली मंडळीही पुढं निघाली. त्यातल्या एकानं काच वाजवून "धक्का देऊ का?" विचारलं, आणि माझं डोकं फिरलं. "भंगार माझ्या माथी मारलं" हे मी तिथूनच तुम्हाला फोनवर म्हणालो आणि फोन कापला.

मग उपचार सुरू झाले. पहिल्या मेस्त्रीनं फिल्टर बदलला, दुसऱ्यानं डिझेलला दोष दिला, तिसऱ्यानं (तो मुळात वायरमन निघाला) बॅटरी बदलली. शेवटी माजलगावच्या मकसूदभाईंकडं गेलो. त्यांनी पाईप काढून इंजनात जादा हवा कोंबणाऱ्या टर्बोच्या पंख्याला बोट लावलं, तर तो दुधाच्या दातासारखा हलला. आत ऑईल करपून बेअरिंग गेलेलं. मी म्हणालो, बघा, दाजींनी फसवलं. त्यांनी पाईप परत लावला, शेजारी बसले आणि नेहमीसारखी चालवा म्हणाले.

वाटेत भागवतअण्णा भेटले. मी इंजन बंद करून रामराम घातला. पुढं सारजामावशी. पुन्हा इंजन बंद, पुन्हा चौकशी. (थोरामोठ्यांशी चालू गाडीतून बोललं की "लई घाई हाय का रं?" असं ऐकावं लागतं, तुम्हाला ठाऊकच आहे.) सातव्या रामरामाला मकसूदभाईंनी कपाळाला हात लावला.

"गुर्जी, टर्बो तुमच्या अदबीनं गेला! तापलेली गाडी मिनिटभर तशीच चालू ठेवायची, निवू द्यायची, मंग बंद. एकदम बंद केली की ऑईल करपतंय. आदल्या मालकानं सांगितलं न्हाई का?"

सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं. तीस वर्षं पोरांना "लक्ष द्या" म्हणणाऱ्या मी लक्ष दिलं नाही. मला वाटलं, पुण्याच्या लोकांना डिझेल जाळायला निमित्त लागतं.

हे कळून सहा आठवडे झाले. तेवढे दिवस मी पार्ट शोधत होतो. बीडचा दुकानदार म्हणाला, हे मॉडेलच बंद झालं. संभाजीनगरच्या जुन्या बाजारातून आलेला टर्बो आपल्या इंजनला बसेचना. पण खरं सांगतो दाजी, पार्ट मिळत नाही याचं मला आतून बरंच वाटत होतं. गाडी उभी होती तोवर चूक कबूल करायची घाई नव्हती. मी चुकलो. तुम्हाला नको ते बोललो, आणि माझ्या रागापायी ताईचं माहेर तुटायची वेळ आली. पंचमीला रतननं ताईच्या वाट्याची पुरणाची दिंडं झाकून ठेवली होती, ती दुसऱ्या दिवशी मला गिळवली नाहीत.

तर विनंती एवढीच. सोबतच्या चिठ्ठीवर पार्टचा नंबर आहे, तो पुण्यात बघावा. मिळाला तर कुरिअरनं न पाठवता दोघांनी मिळून घेऊन यावा. वस्तू नाजूक असते.

तुमचा,
बंकट

ता. क. – पत्र पाकिटात घालणार तोच मकसूदभाईंचा फोन आला. युसूफ वडगाव गावात एका पडून राहिलेल्या गाडीचा टर्बो मिळाला, बसवलाही. गाडी झकास ओढते. तेव्हा पुण्यात शोधू नये.

ता. क. २ – रतन म्हणते, मग पत्र कशाला पाठवता? चिठ्ठी काढून घेतली आहे. पत्र पाठवतोय. दाजी, रिकाम्या हातानं या, पण भाऊबीजेला ताईला घेऊन या.