पसंत आहे, पण कळवतो

११ मे
आजपासून रोजनिशी. पुढे मोठा झाल्यावर लोक विचारतील, सुरुवात कशी झाली. तेव्हा आठवत बसायला वेळ नसेल. तोपर्यंत ही वही कोणी वाचायची नाही. हर्षाली, तू पण नाही. ठेव खाली.

परिस्थिती अशी. बारावी गेल्या वर्षीच पास. टक्के बावन्न. जास्त पडले असते, पण तपासणाऱ्याला माझं अक्षर झेपलं नाही. मग एक वर्ष विचार करायला घेतलं. माझा विचार अजून चालू आहे, आण्णांचा संपला. देवळ्याला आमचं कांद्याचं खळं आहे. तिथे दिवसभर बसून कांदा निवडायचा, मोठा इकडे, बारीक गोल्टी तिकडे, सडका बाहेर. आण्णांनी सांगून टाकलंय, यंदा ॲडमिशन, नाहीतर खळं. मला कांद्याचा वास सहन होत नाही. खाताना चालतो.

म्हणून नाशिकला सावळीराम मामांकडे आलोय, द्वारका चौकाजवळ. धाकटी बहीण हर्षाली यंदा बारावी झाली, तीही आली आहे. प्लॅन सोपा आहे. जेवढी विद्यापीठं ओपन डे ठेवतील, तेवढ्यांना जायचं. त्यांना आपसात झुंजू द्यायचं. जे जास्त आग्रह करेल, त्याचा AI चा कोर्स घ्यायचा.

उद्या पहाटे पाचला उठून प्रश्नांची तयारी.

१२ मे, सकाळी साडेदहा
उठलो. विद्यापीठं तरी कुठे दहाच्या आत उघडतात.

१४ मे
पहिला ओपन डे. मामा म्हणाले, मीबी येतो, तू अजून लहान हाय. देवळा तालुक्यातली निम्मी लग्नं मामांनी जमवलीत. माणूस पारखण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नाही.

गेटवर फुगे. प्रत्येकाला तुळशीचं रोप. आत खुर्चीवर बसवलं आणि हातात प्लेट दिली. कांदेपोहे, वर खोबरं, नंतर चहा. मामांनी प्लेटकडे पाहिलं, मला कोपर मारलं आणि कानात म्हणाले, धनू, हा तर बघायचा कार्यक्रम हाय.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. खरंच की! ते दाखवणार, आपण बघणार. म्हणजे आपण मुलाकडचे. हर्षालीने विचारलं, मग मी कोण? मामा म्हणाले, तू करवली.

मग मामांनी सूत्रं हातात घेतली. विभागप्रमुख मॅडमना विचारलं, मूळ गाव कुठलं? घराणं जुनं का? घरात माणसं किती? मॅडम म्हणाल्या, अठराशे विद्यार्थी. मामा खूश. एकत्र कुटुंब आहे म्हणाले.

मॅडमनी माझं मार्कशीट दोनदा पाहिलं आणि म्हणाल्या की AI ला थोड्या जागा आहेत, आजच नाव नोंदवलंत तर जमेल. खरं सांगतो, मी हो म्हणणारच होतो. मॅडम चांगल्या वाटल्या. पण टेबलाखाली मामांनी माझा पाय दाबला. नियम आहे. पहिल्याच स्थळाला होकार द्यायचा नसतो, आणि त्याच बैठकीत तर नाहीच. मुलाकडच्यांनी घाई केली की पोरात काहीतरी खोट आहे असं समजतात.

मी म्हणालो, पसंत आहे, पण कळवतो.

मॅडमनी मार्कशीट परत दिलं. मनाला लागलं असणार.

हर्षालीने सगळा वेळ लॅबमध्ये घालवला. मोहिनी नावाची सेकंड इयरची मुलगी भेटली म्हणे, सुरगाण्याची. तिला विचारत बसली, बस किती वाजता, होस्टेलला पाणी कधी जातं, कोणते सर नीट शिकवतात. ड्रोनचा शो चुकला. सेल्फी पॉइंटसुद्धा बघितला नाही. ओपन डेचा उपयोग कसा करून घ्यायचा, हे सगळ्यांना कळत नाही.

१७ मे
दुसरं स्थळ. आज मामीही आल्या. त्या थेट मेसच्या स्वयंपाकघरात गेल्या आणि वरणाची चव घेऊन आचाऱ्याला म्हणाल्या, दादा, हिंग नाय का घरात?

बॅग, टोपी आणि पेन मिळालं. बॅगेला दहापैकी सात, चेन अडकते. मी एका सरांना विचारलं, मला घेतल्यावर तुमचं भविष्य काय? सर हसले आणि शेजारच्या सरांना बोलावून पुन्हा विचारायला लावलं. तेही हसले. छाप पडली.

पसंत आहे, पण कळवतो म्हणालो. आता सवयीने सहज येतं.

२० मे
दोघांपैकी कोणाचाही फोन नाही. मामा म्हणतात, चांगली खूण हाय, घरात चर्चा चालली असंल. दुपारी फोन वाजला. पहिल्या रिंगला उचलला. क्रेडिट कार्डवाली निघाली. तिलाही कळवतो म्हणून सांगितलं.

संकल्प: उद्यापासून पहिली रिंग नाही. निदान तिसरी.

२४ मे
तिसरं स्थळ. कुंभमेळ्याच्या कामासाठी रस्ता खोदलाय, त्यात द्वारकेला ट्रक आडवा. पोचलो तेव्हा मंडपवाला खुर्च्या टेम्पोत भरत होता. कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही. मामा म्हणाले, पाहुण्यांची किंमत नाय या घरात. स्थळ नापसंत. त्यांना कळवायचीही गरज नाही.

हर्षाली मामीशी स्वयंपाकघरात काहीतरी हळू बोलत होती. मी गेल्यावर दोघी भाजीबद्दल बोलायला लागल्या.

२६ मे
निर्णयाआधी मन शांत हवं, म्हणून मी आणि मामा त्र्यंबकेश्वरला. हर्षाली म्हणाली, डोकं दुखतंय. मामी म्हणाल्या, गुडघे. दर्शनाची रांग लांबलचक. मोबाइल बाहेर जमा केले होते.

परत घेतला तर तीन मिस्ड कॉल! नंबर कोणाचा ते ॲपवर बघितलं, पहिलं विद्यापीठ! पोहेवालं! मी तिथल्या तिथे उडी मारली. फुलवाली बाई दचकली.

लगेच फोन करणार, तर मामांनी हात धरला. उलटा फोन करायचा नाय. त्यांना गरज हाय तर करतील. आपण केला की संपलं, मग पुढं आयुष्यभर ते म्हणतील तसं.

नियम म्हणून पटतं. पण बसमध्ये सगळा वेळ मोबाइल हातात धरून बसलो होतो. मला ते विद्यापीठ आवडलं होतं. लायब्ररीच्या खिडकीतून डोंगर दिसतो. तिथे बसून मी चष्मा लावलेला कसा दिसेन, तेही बघून ठेवलं होतं.

३० मे
फोन नाही. हर्षालीने आज विचारलं, दादा, मी तुझ्यासाठी मॅडमशी बोलून बघू का, जागा भरत आल्यात. मी चांगलाच रागावलो. करवलीने मध्ये बोलायचं नसतं. ती काहीतरी सांगणार होती, मग म्हणाली, जाऊ दे.

४ जून
आण्णांचा फोन. काय ठरनं रे? आठे खळावर माणूस नही शे. म्हणजे इथे कांदा निवडायला माणूस नाही. मी म्हणालो, दोन-तीन ठिकाणी बोलणी चालू आहेत. आण्णांनी विचारलं, बोलनं कोन चालू शे, तू का त्या? मग स्वतःच फोन ठेवला. खरं तर अजून दोन्ही बाजूंनी कोणीच बोलत नाही.

१० जून, सकाळी
ठरलं. आता ताणण्यात अर्थ नाही. मामाही म्हणाले, पुरेसा भाव खाल्ला, आता होकार द्यायला हरकत नाय. नवा शर्ट घातलाय. मामी आणि हर्षालीही सोबत आहेत. मामांनी नारळ, पेढे आणि शाल घेतली आहे. शाल मॅडमना. मॅडम रडतील की काय, अशी थोडी धास्ती वाटते.

१० जून, संध्याकाळी
जे घडलं ते घडलं तसं लिहितो.

मामांनी टेबलावर नारळ ठेवला आणि घसा खाकरून म्हणाले, आमच्याकडून पसंती हाय. मॅडमना इतका आनंद झाला की त्या उठून उभ्या राहिल्या. पेढा घेतला. अभिनंदन म्हणाल्या. मी मान खाली घातली, अशा वेळी घालतात. मग त्या म्हणाल्या, हर्षाली फार गुणी मुलगी आहे, तिची ॲडमिशन झाली म्हणून तुम्ही सगळं घर आलात, कौतुक वाटतं.

मामांच्या हातातला पेढा हातातच राहिला.

हर्षालीने सगळं सांगितलं. आम्ही त्र्यंबकला गेलो, त्या दिवशी ती आणि मामी इथे आल्या होत्या. आण्णांना माहीत होतं. तिच्याकडे मोबाइल नाही म्हणून तिने माझा नंबर दिला होता. ते तीन मिस्ड कॉल तिला होते. तिची जागा पक्की झाली, हे सांगायला. माझी बोलणी चालू आहेत असं समजून मी पंधरवडाभर एका निरोपाला ताटकळत ठेवलं होतं. शेवटी मॅडमनी मोहिनीच्या फोनवरून मामींना कळवलं.

मी विचारलं, आणि मी? मॅडम म्हणाल्या, बाळा, AI भरलं. सगळंच भरलं. तुझी मी वाट बघितली होती. नाव वेटिंगला घेते.

मग त्यांनी शाल नीट घडी करून बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, कळवते.

बाहेर आल्यावर मामांनी तो हातातला पेढा खाऊन टाकला. मग म्हणाले, पोरगी चांगल्या घरात पडली. मला रडू आलं, पण धूळ खूप होती. रस्ता खोदलाय ना.

११ जून
दुसऱ्या स्थळाला फोन केला. मीच. पहिल्या रिंगला उचलला त्यांनी. भरलं आहे म्हणाले. तिसऱ्यालाही केला, पाणी न विचारणाऱ्यांना. त्यांचंही भरलंय. सगळी विद्यापीठंच मुलाकडची होती की काय नाशकात.

३ जुलै
हर्षालीला होस्टेलवर सोडलं. गादी, बादली आणि तुळशीचं रोप मी उचललं. गेटवर वॉचमनने माझ्या नव्या शर्टाला स्टिकर लावलं: पालक. मी सांगायला गेलो की मी तसा विद्यार्थीच आहे, तो म्हणाला, पालकांना पोहे तिकडं.

हर्षाली म्हणाली, दादा, पुढच्या वर्षी मी तुझ्यासोबत येते, मामांना घरी ठेवू. मी तिच्या डोक्यावर टपली मारली. गुणी आहे, मॅडम बरोबर बोलल्या. लायब्ररीच्या खिडकीजवळची जागा तिला दाखवून ठेवली. डोंगर दिसतो म्हणून सांगितलं.

पोहे खाल्ले. कांदा भरपूर होता. तेवढ्यात फोन वाजला आणि मी नंबर न बघता उचलला. आण्णा. म्हणाले, टेम्पो द्वारकाले उभा शे, त्याना संगे ये.

मी सवयीने म्हणालो, कळवतो. आण्णांनी ते ऐकलं नाही, ते ड्रायव्हरला माझं नाव सांगत होते.

उद्यापासून खळं. पसंत आहे का, कोणी विचारलं नाही.