इटलीच्या भाताले दम देल्याची हकीकत

अकोला, रविवार

सन्माननीय खुशालरावजी, मुक्काम वलगाव, यायले अब्दुल सत्तार बावर्चीचा सलाम अन् रामराम, दोन्ही. (इज्जत एवढ्या ओळीपुरतीच. खाली तू-तेच चालते.) पार्बतावहिनीचा गुडघा कसा हाय? तुही मेथी औंदा भाव खाऊन राहिली म्हणतात, खाऊ दे. आमी खुशाल हावो. फक्त माह्या खांद्यानं लग्नाच्या भाताची डेग उचलाले साफ ना म्हटलं, ते तुले ठाऊकच हाय.

म्हणूनच तर तू मले पुण्याले धाडलं, की पोट्ट्याले, उजैरले, घेऊनच ये, डेगा त्याच्या हाती दे अन् मोकळा हो. तुह्या भाभीनं, गुलनारनं, त्याची खोलीही झाडून ठेवली. तर भाऊ, पोट्टं काई आलं नाई. काहून आलं नाई ते आता बैजवार वाच.

उजैर ज्या इटालियन हॉटेलात शिजवते ते एवढं भारी की दारातल्या पोरीनं मले विचारलं, रिझर्वेशन हाय का, सर? (उभ्या जन्मात मले कोणी सर म्हटलं नव्हतं, अन् म्हटलं तेही उपाशीपोटी.) बसलो तं मांडीवर फडकं टाकलं. मंग परातीएवढ्या ताटलीत मधोमध मूठभर भात आला. उजैरनं माह्यासाठी तो वेगळ्या भांड्यात, दारू-बिरू न टाकता शिजवला होता, तेवढी काळजी नको करू. त्यामागून वेटर चीजचा खडा अन् किसणी घेऊन आला अन् किसू लागला. आता वाढणाऱ्याले लगेच पुरे म्हणणं बरं दिसते काय? मी गुपचूप राहिलो. तोही गुपचूप किसून राहिला. मले वाटे हा थांबन, त्याले वाटे म्हातारा बोलन. शेवटी त्याचाच हात भरून आला, तवा म्हणे, "सर, आता बस?" तोवर भात गडप झाला होता!

चीज बाजूले सारून शीत बोटात दाबलं, तं मधात कणी! अख्ख्या वऱ्हाडातल्या लग्नांचे भात उतरवले मी, अन् माह्याच पोराचा भात कच्चा? लाज वाटली ना बाप्पा. लोकायनं पाहाच्या आत दम देऊन सावरावं म्हणून मी ताटलीवर दुसरी ताटली पालथी घातली, मांडीवरचं फडकं भोवताल आवळलं, वजनाले वर पाण्याची बाटली ठेवली अन् टेबलावरची मेणबत्ती काठाखाली धरली. (फडकं जरासं जळलं. जास्त नाई.)

वेटर धावला, मॅनेजर धावला, मागून उजैर. पोरगं रागावलं नाई. माह्याजवळ वाकून म्हणे, "अब्बा, कच्चा नहीं है. इटली में ऐसेच उतारते, दाँत को लगना चाहिए." मी म्हटलं, लागाले माहे दात उरले कुठं? तो हसला अन् आत गेला.

तेवढ्यात पलीकडच्या टेबलावर एका बाईले तोच भात वाढला. उजैर काचेमागून तिच्या चमच्याकडं पाहून राहिला होता. घास तोंडात जाईपर्यंत पोट्टं हललं नाई. खुशाल, पहिल्या पंगतीले मी मांडवाच्या कनातीच्या फटीतून असाच पाहतो ना रे! बाईनं दुसरा घास घेतला, तवा तो कामाले लागला. माहं काळीज भरून आलं, खोटं कशाले सांगू. मी सारा भात संपवला, चीजसकट.

तरी त्यानं याले पाहिजे होतं. आजकालची पोरं मायबापाचं आयकत नाईत, दुसरं काय लिहू? वहिनीले सलाम.

तुहा,
अब्दुल सत्तार

ता. क. वरचं सारं गुलनारले वाचून दाखवलं. आता ती नमाज पढून राहिली, म्हणून घाईत लिहितो. उजैरनं माहं आयकलं होतं. नोकरी सोडतो म्हणून बॅग भरून माह्यासंगं स्टेशनावर आला, गाडीत बसलाही. मीच त्याले हाताले धरून खाली उतरवलं. म्हटलं, जा बेटा, तुही पंगत इथं बसली हाय.

आणखी ता. क. फोन नको करू, गुलनार स्पीकरवर लावते. शुक्रवारी मेथी सोडून अकोल्याले ये, अन् हे तिले तूच सांग. मी बाजूले बसून राहीन. तिच्यासमोर एकट्याच्यानं हे होत नाई रे मले.