वरची खोली पगारात धरायची

११ ऑगस्ट, सोम.
मार्कसला वॉटरफोर्डच्या क्लबची ऑफर. पोहे खाता खाता त्यानेच फोन दाखवला. पगार जास्त, शिवाय फ्लॅट. आमच्या वरच्या खोलीत दोन सीझन राहतोय, फुकट. असा बास्केटबॉल खेळणारा आमच्या शॅनन क्लबला पुन्हा मिळायचा नाही. म्हणाला, "तेवढाच पगार द्या बॉस, मी इथेच." क्लबकडे पैसे आहेत. पण लीगने प्रत्येक टीमच्या एकूण पगाराला मर्यादा घातलीय आणि आपली भरत आलीय. वॉटरफोर्डचे दोन जुने खेळाडू गेले, जागा मोकळी. नशीब लेकाचे.

१२, मंगळ
लंचमध्ये आकडे मांडले, क्लबचा हिशेब माझ्याकडेच. पगार जेमतेम बसतो. मग आठवली खोली. घर, गाडी, जेवण, सगळं पगारात धरायचं असा नियम. खोली धरली की मर्यादेबाहेर.
नियम कोणी आणला? मीच. गेल्या वर्षी लीगच्या मीटिंगमध्ये, टेबल बडवून. वॉटरफोर्डवाले फ्लॅट देऊन पगार लपवतात म्हणून. टाळ्या पडल्या होत्या. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा.

१३, बुध
क्लबचा अध्यक्ष पॅट: "युअर मॅन मार्कस भाडं देतो असं लीगच्या अर्जात लिही की. ग्रँड होईल."
देत नाही, म्हटलं. खरंच घेतलं तर तो तोट्यात, मग राहील कशाला? तर म्हणे, कोण बघायला येतंय?
अरे, लीगचे अर्ज तपासतो मीच ना.

१४, गुरु
बायकोशी, मुग्धाशी भांडण. "लिही खोटं, एकदाच. नियम तुझा असेल, घर माझंही आहे." लेकीला, इराला बास्केटमध्ये शूटिंग मार्कसनेच शिकवलं.  संध्याकाळी खेळून आल्यावर ती एवढंच म्हणाली, "यू मेड द रूल, बाबा."
स्वतःचाच संताप येतो. वॉटरफोर्डवाले या वेळी सगळं नियमात करतायत, ते जास्त झोंबतं.

१५, शुक्र
मार्कसचा अर्ज लीगला पाचपर्यंत द्यायचा. आता तीन वाजलेत. पॅट सही करून गेला. 'राहण्याची सोय' पुढे कोरं. "तू भर," म्हणाला.
मार्कसने विचारलं, काय ठरलं? बघतो म्हटलं. त्याने कप विसळून प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत कपाटात, ठेवला, रोजच्या जागी, आणि वर गेला.
वरून धपधप आवाज येतोय. व्यायाम करतोय की बॅगा भरतोय, कळत नाही. वर जाऊन बघवत नाही.