पास्कल दारोगाची किल्ली

गुलमंडी, औरंगाबाद
१२ मे १९४८

चि. आशाबाई हीस नानासाहेबाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

खण्‌ टिक्‌, खण्‌ टिक्‌. तुझे वडील पहाटे आमच्या बोळातून जात, तेव्हाचा हा आवाज आज पुन्हा कानात आला आणि मी उठून दार उघडलं. बोळात कुणी नव्हतं. गावाला पाणी पुरवणाऱ्या नहरेची पितळी किल्ली आणि जपमाळ त्यांनी एकाच दोरीत ओवलेली. चालताना दोन्ही एकमेकींवर आपटत. मी म्हणायचो, पास्कलराव, तुमच्या चालीत आर्या आहे. ते म्हणायचे, मास्तर, आर्या तुम्ही म्हणा, मला गावाला पाणी सोडायचंय.

त्यांना माती देऊन महिनाही झाला नाही आणि मला वाईट खबर लिहावी लागतेय. तुझ्या धाकट्या भावाला, आपल्या फकिराला, काल घरातून उचललं. पोलीस अंमलदार गयाससाहेबांना किल्ली हवी. तुला ठाऊकच आहे, खालच्या वस्तीनं सरकारविरुद्ध झेंडा लावला म्हणून तिचं पाणी बंद करायचा तोंडी हुकूम सुटला होता. तुझ्या वडिलांनी उलट वस्तीकडे पाणी सोडणाऱ्या मोरीचा दरवाजा सगळा वर घेतला, तो उघडाच राहावा म्हणून त्याला तसंच कुलूप घातलं आणि नोकरी गमावून ते घरी आले. आता ते कुलूप फोडावं तर जुनी बांधणी ढासळेल, छावणीचंही पाणी जाईल. म्हणून साहेब म्हणतात, किल्ली द्या आणि पोरगा न्या.

किल्ली दिली तर ऐन उन्हाळ्यात वस्ती तहानेल. न दिली तर फकिराचं काय होईल, ते लिहवत नाही. माझी मती चालेना. किल्ली कुठं आहे, एवढं कळव. टपाल फोडून वाचतात, म्हणून कांद्याच्या गाडीवाल्या सांडूच्या हाती हे पाठवतोय.

प्रकृतीला जप, म्हाताऱ्याची आठवण असू दे.

नानासाहेब


मिशनवाडी, ता. वैजापूर
१५ मे १९४८

तीर्थरूप नानासाहेबांस आशाबाईचा सलाम. वि. वि.

तुमचं पत्र सांडूनं पोचवलं. किल्ली घरात नाय. किल्ली बाबांजवळ आहे.

आमच्यात मयताचे हात त्याच्याच जपमाळेनं बांधतात. माझ्या सासूनं, सारजाबाईनं, ते केलं. दोरीत किल्ली होतीच. मी म्हटलं, एवढी सोडवा, सरकारी आहे. सासू म्हणाली, आशीर्वादाची माळ कापायची व्हय? अन् एका किल्लीनं सरकार बुडणार असलं तर बुडू दे. रडता रडता आम्हाला हसू आलं, अन् तेवढ्यात पेटीवर झाकण बसलं.

एक गोष्ट बाबांनी तुम्हाला कधी सांगितली नसेल. बसऱ्याच्या लढाईत त्यांच्या पहाऱ्यात एक तुर्क कैदी होता. तो पाणी मागत होता. बाबांच्या बाटलीत पाणी होतं, पण द्यायचा हुकूम नव्हता. सकाळपर्यंत तो गेला. तिथंच बाबांनी मरियामाऊलीपुढं गुडघे टेकून नवस केला, की इथून पुढं कुणाचं पाणी माझ्या हातानं अडणार नाय. नहरेवर दारोगाची नोकरी धरली ती त्याच्यासाठी. लोक म्हणायचे, दारोगा लई कडक. पण एखाद्या गल्लीत पाणी पोचलं नाय तर ते जेवत नसत.

फादर म्हणतात, कबर उघडायला बिशपसाहेबांची परवानगी लागेल. ती मिळाली तरी बापाच्या हातातून किल्ली काढून बापाचाच नवस मी मोडू का? अन् न मोडू, तर फकिरा? त्याला मी कडेवर वाढवलाय, नानासाहेब.

तुम्ही गयाससाहेबांना खरं ते सांगा. बाबांना खोटं चालत नसे. रविवारी बाबांच्या नावानं महिन्याची मिस्सा, प्रार्थना आहे. कबरीवर फुलं पडू देत, कुदळ नको.

सासूचा सलाम. ती विचारते, मास्तर अजून चहात गूळ घालून कविता म्हणतात का? तुमची माया आमच्यावर आहे तशीच राहू द्या.

आपली
आशाबाई


गुलमंडी, औरंगाबाद
२० मे १९४८

चि. आशाबाई हीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल साहेबांच्या बंगल्यावर जाऊन आलो. कबरीचं सांगितलं, बसऱ्याचं सांगितलं. जन्मभर वर्गात कविता म्हटल्या, तशाच कळकळीनं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, चहाही पाजला. मग म्हणाले, मास्तर, बयान बहोत खूब, पण मोरीच्या दरवाजाला शायरी लागत नाही, किल्ली लागते. शुक्रवारी, म्हणजे उद्या, शिपाई कुदळी घेऊन मिशनवाडीला निघतील. बहीण हजर असली तर ठीक, नसली तर तिच्यावाचून.

आतल्या चिकाच्या पडद्यामागं त्यांच्या आई, गौहरबी, सुपारी कातरत होत्या. कबरीचं नाव निघालं आणि अडकित्ता थांबला. पुढं तो वाजला नाही.

चौकीवर फकिराला लांबून पाहिलं. ओठ फुटलाय. त्यानं तिथूनच ओरडून एवढंच विचारलं, मास्तर, वस्तीत पाणी येतंय ना? अगदी बापावर गेलाय पोरगा.

सांडू गाडी जुंपून बाहेर थांबलाय, म्हणून मनातलं लिहून टाकतो. आशा, रागावू नकोस. कबर उघडू दे. पास्कलराव असते तर पोरासाठी त्यांनीही... नाही, हे वाक्य मला पुरं करता येत नाही. ते असते तर त्यांनी किल्ली दिली नसती, हे तुलाही कळतं आणि मलाही. तरी मी तुला सांगतोय की दे, कारण गेलेल्याला दुखत नाही आणि फकिराला

टांगा थांबला. एरवी या बोळात टांगा शिरत नाही. जरा थांब, खिडकीतून बघतो.

आशा, टांगेवाल्याशेजारून फकिरा उतरतोय. सोबत शिपाई नाही. मागचा पडदा सरकला, आणि नवरा वारल्यापासून जिनं घराचा उंबरा ओलांडला नाही ती गौहरबी बुरखा सावरत माझ्या पायऱ्या चढतेय. सांडूनं उठून वाट दिली. तिला दम लागलाय, भिंतीला हात टेकून उभी आहे, आणि आत यायच्या आधी दारातूनच विचारतेय, की मास्तर, पोरगा मी लेकाकडून सोडवून आणला, पण दारोगाच्या कबरीला कुणी हात तर नाही लावला ना?