ठकूने न लिहिलेली ओळ

मी, रत्ना धाकलू पष्टे, वय छप्पन्न, अविवाहित, मूळ गाव धसई, हल्ली राहणार एसटी स्टँडमागे, मुरबाड, येथील कला महाविद्यालयात तत्त्वज्ञानाची प्राध्यापिका, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. 'कोणाच्याही धाकाखाली नाही' असंही लिहायचं असतं. माणसाचा धाक मला नाही, पण धाक आहे. परवा मुंबईत माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे आणि मी घाबरले आहे. मुलींसमोर हसते आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारते. इतकी वर्षं वर्गात मरणावर बोलले, त्यातलं एक वाक्य आज कामाला येईल तर शपथ!

कलम १. माझे मुरबाडचे घर मी माझ्या पगारातून बांधलेले आहे, वडिलोपार्जित नाही. ते मी ठकू सावळ्या मुकणे, मूळ राहणार डोळखांबकडचा पाडा, हिला देते. ठकू आमच्याच कॉलेजात एम.ए. करते आणि माझ्याकडे राहते. तानी आणि भाविका या तिच्याच भागातल्या दोघी बी.ए.च्या मुलीही इथेच राहतात. अट एकच: त्या भागातल्या पाड्यांवरची जी मुलगी या कॉलेजात शिकेल, तिला ठकूने भाडे न घेता घरात जागा द्यावी.

हे का, ते कोर्टालाही कळू दे. आमच्या कॉलेजचं मुलींचं वसतिगृह अजून कागदावरच आहे. दिवाळी झाली की पाडे रिकामे होतात. आईबाप वीटभट्टीवर जातात, आणि पोरीला एकटी कुठे ठेवायची म्हणून तिलाही नेतात. तिचं कॉलेज तिथेच संपतं. माझ्याकडे राहिलेली पोर जात नाही, इतकंच. दिवाळी पुढच्या आठवड्यात आहे आणि मी तेव्हा कुठे असेन मला ठाऊक नाही.

कलम २. माझा पुतण्या हरेश याला धसईच्या शेतातील माझा हिस्सा मिळावा. त्यावर त्याने समाधान मानावे. गेल्या महिन्यात मी तपासण्यांसाठी मुंबईला होते, तेव्हा हा टेप घेऊन आला आणि घराची मागची भिंत मोजून गेला. तानीला म्हणाला, "आत्याचं काय बरंवाईट झालं तं घाबरू नका गो. तुमचं सामान न्यायाला टेम्पो मीच देईन." फार गोड बोलला म्हणे. तेव्हापासून पोरी दिवसाढवळ्या आतून कडी लावतात. मी परत आले तर मलाही दार उघडेनात, आधी आवाज द्यावा लागला. अरे हरेश, तुला कडेवर घेऊन मी धसईचा बाजार फिरवलाय, आणि मी जिवंत असताना तू माझ्या भिंती मोजतोस? लाज वाटू दे जरा. शेत घे, पण या घराची पायरी चढू नकोस.

आईच्या पाटल्या हरेशची आई, म्हणजे माझी वहिनी आरती हिला द्याव्यात. तिचा यात काही दोष नाही. बँकेत जे असेल ते मुलींच्या फीसाठी. स्कूटी तानीला. तिला येत नाही, तिने शिकावी. पुस्तके कॉलेजच्या ग्रंथालयाला मुळीच देऊ नयेत. तिथे पुस्तकं कुलपात असतात आणि किल्ली रजेवर. ती याच घरात राहावीत.

कलम ३. साक्षीदारांविषयी. ठकू सकाळीच पेन घेऊन आली, "मॅडम, मीच करते सही, मी हाय ना." हा कागद करून द्यायला आलेल्या वकीलबाई किंचाळल्याच. ज्याला घर मिळायचं त्यानेच साक्षीदार म्हणून सही केली तर कोर्टात आधी त्यावरच संशय घेतात. ठकूने पेनाला टोपण लावलं. जीव लावणारी माणसंच या कागदाला चालत नाहीत. म्हणून मी अर्थशास्त्राच्या ज्ञानेश्वर घोलप सरांना बोलावलं. स्टाफरूममधला पंखा कोणाच्या बाजूला फिरवायचा यावरून आमचा अबोला आहे हे अख्ख्या कॉलेजला माहीत आहे. हे माझ्यासाठी खोटं बोलतील यावर हरेशचा वकीलसुद्धा विश्वास ठेवणार नाही. सर आले, चहा घेतला, म्हणाले, "सही करतो मॅडम. पण परत आल्यावर पंख्याचा विषय तसाच आहे." मला रडूच आलं.

कलम ४. कलम एकमध्ये 'माझ्या मृत्यूनंतर' असे लिहावे असे वकीलबाईंचे म्हणणे आहे. मला ते लिहिता आलेले नाही. याचं कारण सांगते. ठकू पहिल्या वर्षाला असताना मी फळ्यावर लिहिलं होतं: सर्व माणसे मर्त्य आहेत. रत्ना मॅडम माणूस आहेत. तिसरी, निष्कर्षाची ओळ लिहायला ठकूला उठवलं. ती खडू घेऊन उभीच राहिली. म्हणाली, "मी नाय लिवणार. जित्या माणसाचं असं बोलत नाय आमच्यात." वर्ग हसला. मी म्हटलं, "अगं, तर्कशास्त्र आहे हे, याला भावना नसतात." तिने खडू टेबलावर ठेवला आणि जागेवर जाऊन बसली. आज कळतंय, ती ओळ लिहायला केवढं धाडस लागतं. मीही इथे पेन धरून बसले आहे आणि हात पुढे जात नाही.

पडद्यामागून ठकू आत्ताच विचारून गेली, "मॅडम, तुमी परत आल्यावर हा कागद फाडायचा ना?" फाडू म्हटलं. पण नाहीच आले, तर हा कागदच त्या दाराची कडी आहे. तेव्हा लिहिते. पुढचं अनुमान उत्तरपत्रिकेत आलं असतं तर मी शून्य गुण दिले असते.

सर्व माणसे मर्त्य आहेत. रत्ना पष्टे माणूस आहे. म्हणून माझ्या मृत्यूनंतर हे घर पोरींचं.

सही: रत्ना धाकलू पष्टे
ठिकाण: मुरबाड, जि. ठाणे
दिनांक: १२ ऑक्टोबर २०२५

साक्षीदार:

१. डॉ. मंगेश सासे, मुरबाड. तपासले. पूर्ण शुद्धीत आहेत.

२. ज्ञानेश्वर घोलप, मुरबाड. मॅडमनी माझ्यासमोर सही केली. डोकं ठिकाणावर होतं. पंखा त्यांच्याच बाजूला फिरवून ठेवतो.